हिंगणीच्या माळावरचं अंतर

गोंदिया ते चिपी हे अंतर पूर्वी साडेनऊशे किलोमीटर होतं. आता विमान जाण्यापुरतं ते नऊ-दहा किलोमीटर होतं. विमानात चहा मागवला तर तो हातात येण्याआधी खाली कोकण दिसू लागतं. या किमयेला अंतरघडी म्हणतात. दोन विमानतळांमधल्या अवकाशाची घडी घालायची आणि विमान पलीकडे पोचलं की ती मोडायची. दोन्ही विमानतळ एवढेसे, पण सकाळ-संध्याकाळची विमानं भरून जात.

मात्र अंतर नाहीसं होत नाही. गादी एकीकडे दाबली की दुसरीकडे फुगते, तसं ते कुठेतरी वर येतंच. त्या फुगवट्यासाठी कंपनीने वाटेवरचा, माणदेशातला हिंगणीचा माळ निवडला. पाहणी झाली तेव्हा तिथे माणूस नव्हता. दिवाळीनंतर धनगर मेंढरं घेऊन कोकणात उतरतात, हे त्या हुशार मंडळींपैकी कुणाच्या गावीही नव्हतं.

धनगर परतले. म्हाकू कोकरे मेंढरांना पाणी पाजायला माळापलीकडच्या तळ्यावर गेला, आणि घराकडे वळला तेवढ्यात अंतरघडीचं पहिलंच विमान गेलं. अर्ध्या तासाची वाट, पण तो अजून चालतच होता. त्याला आता महिना झाला होता.

अखेर अंतरघडीचं गणित मांडणाऱ्या डॉ. अनघा केळुसकर स्वतः माळावर आल्या.

"धन्यास्नी आणाया जीप धाडली हुती," म्हाकूची बायको सोनाबाई म्हणाली. "डिझेल सराय लागलं तशी माघारी आली. माळ त्योच हाय, मंग सरत का न्हाई, ताई?"

"फुगवटा रात्रभर मुरतो, सोनाबाई. सकाळपर्यंत माळ जवळजवळ पूर्वीसारखा होतो. तेवढ्यात विमान जातं आणि तो पुन्हा फुगतो."

"म्हंजी फोनवर सकाळच्याला घर दिसतंय म्हनत्यात, त्ये खरंच हाय? मी म्हनलं, उन्हानं डोस्कं फिरलं." सोनाबाईने पदराने डोळे पुसले. "मंग एक दिस इमान नगा सोडू. एकच."

एक दिवस पुरेसा होता. अडचण इतकीच, की रोज विमानात कुणीतरी असं असे, ज्याला आजच पोचायचं असे. कुणाचं ऑपरेशन, कुणाचं लग्न, कुणाला बापाला अग्नी द्यायचा असे. त्यांना नाही कोण म्हणणार?

"सोमवारी बंद ठेवते," अनघा म्हणाल्या. "माझा शब्द."

शब्द त्यांनी पाळला होता. सोमवारी सकाळी गोंदियाला त्यांच्या डोळ्यांसमोर, त्यांच्याच हुकमाने विमान जमिनीवर उभं होतं. तेवढ्यात चिपीजवळच्या कुडाळहून सासूबाईंचा फोन आला. सहा वर्षांच्या इराला तापात आकडी आली होती, दवाखान्यात नेलं होतं, आणि ती सारखी आईला हाक मारत होती.

अनघा एकट्याच विमानात चढल्या. पट्टा बांधत असताना फोन वाजला.

"ताई, दिसत्यात!" सोनाबाई ओरडत होती. "हात करत्यात! कुत्रं म्होरं पळतंय बगा!"

अनघांनी फोन ठेवला. त्यांना भयंकर लाज वाटली. पण वैमानिकाने वळून पाहिलं, तेव्हा त्यांनी होकारार्थी मान हलवली.

दवाखान्यात पोचेपर्यंत इराचा ताप उतरला होता. ती उशीला टेकून बिस्किट खात होती.

"आई, एवढ्या लवकर कशी आलीस?"

पर्समधला फोन वाजत होता. अनघांनी तो न बघताच बंद केला.

"जवळच तर आहे," त्या म्हणाल्या.