मेण लावलेली दोरी

अपूर्वा, आजपासून तू माझ्या दुकानाच्या हिशेबाला बसणार, म्हणून विचारतो. विश्वास कुणावर टाकावा, बाळा? तुझ्या मामानं कॉलेज पाहिलेलं नाही. मेनरोडला कॅल्क्युलेटर दुरुस्त करता करता कॉम्प्युटरपर्यंत पोचलो. पण कामाचा माणूस ओळखायचा असेल, तर मी त्यानं मांडलेलं टेबल वाकून मागून बघतो.

माझा भागीदार गौरांग. विक्री माझी, फिटिंग त्याची. तीन मॉनिटर असोत की सहा, मागच्या वायरी नुकतीच वेणी घातल्यासारख्या खाली उतरायच्या. प्लास्टिकच्या पट्ट्या त्याला चालायच्या नाहीत. सुती दोरी, तीही मेणबत्तीच्या तुकड्यावर घासलेली, म्हणजे दमट हवेत ढिली पडत नाही. गाठ अशी, की एका ओढीत सुटावी. गंगापूर रोडचे एक डॉक्टर त्याला म्हणाले, "अहो, मागचं कोण बघणार?" हा म्हणाला, "उद्या दुरुस्तीला येईल तो. त्यानं मला शिव्या घालू नयेत."

आणि एक नियम. भिंतीतली वीज तपासून होईपर्यंत मुख्य प्लग तो टेबलाच्या पायाला बांधून ठेवायचा. घरातल्या कुणी घाईनं लावू नये, म्हणून.

गेल्या उन्हाळ्यात तापाचं निमित्त झालं आणि तो गेला.

श्रावणात इगतपुरीचं काम आलं. यशश्री नावाची मुलगी, घरी बसून कंपनीचं काम करणार. दोन कॉम्प्युटर, तीन मॉनिटर, लोखंडी टेबल. "काका, संध्याकाळी कंपनीशी पहिली बैठक आहे. आज बसले नाही तर काम दुसऱ्या कुणाला देतील," ती म्हणाली. फिटिंगला माणूस मिळेना, मीच गेलो.

भर दुपारी त्या खोलीत दिवा लावावा लागला. धुकं खिडकीतून आत येऊन बसलं होतं. फरशीला पाणी सुटलेलं, भिंतींना ओल्या पोत्यासारखा वास. पत्र्यावर पाऊस सारखा वाजत होता. मी मॉनिटर चढवले, वायरी जोडल्या, प्लास्टिकच्या पट्ट्या आवळल्या. माझ्या हातचं काम म्हणजे गवताची पेंढी. म्हटलं, चहा घेऊ आणि चालू करू.

ओसरीवर यशश्रीच्या सासूबाई, कुसाबाई, तांदूळ निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "तुमचा माणूस लय भिजलाय वो. टावेल दिलाय त्याला."

"माझा माणूस? मी एकटाच आलोय, मावशी."

"मंग टेबलाखाली कोण बसलाय? दोरीला काय तरी घासतोय... बोलत नाय."

कप तसाच ठेवून मी आत आलो. खोलीत कुणी नव्हतं. ओल्या भिंतीच्या वासावर दुसरा एक वास चढला होता... मेणाचा. मी वाकून टेबलामागं पाहिलं.

खरं सांगू? आधी भीती वाटली नाही. आधी तोंडातून "वा!" निघालं. माझ्या पट्ट्या एका बाजूला काढून ठेवलेल्या. तिन्ही मॉनिटरच्या वायरी एका रेषेत, वळणावर बोटभर सैल, कुठं ताण नाही, कुठं गुंता नाही. इतकं देखणं काम मी आयुष्यात एकाच माणसाचं पाहिलेलं. मग खाली नजर गेली. मुख्य प्लग टेबलाच्या पायाला बांधलेला होता.

मानेवर गार वारं आलं. खिडकी समोर होती, अपूर्वा. वारं मागून आलं.

तेवढ्यात यशश्री आली. अनवाणी. तिची ओली पावलं फरशीवर उमटत होती. "झालं ना, काका? चालू करते."

ती वाकली, तिनं दोरी ओढली. गौरांगची गाठ एका ओढीत सुटते. ती सुटेना. तिनं पुन्हा ओढली. "किती घट्ट बांधलंय हो... सुरी आणू का?"

"थांब, पोरी," मी म्हणालो. "हात लावू नकोस टेबलाला."

खिशातला टेस्टर काढला. भिंतीतल्या सॉकेटला वरचं मोठं भोक असतं ना, अर्थिंगचं, तिथं वीज असायलाच नको. टेस्टर आत घातला... आणि तो लखकन पेटला. कुणीतरी कधीकाळी आतली वायर चुकीची जोडलेली. प्लग लागला असता तर कॉम्प्युटरचे डबे, मॉनिटर, लोखंडी टेबल, सगळ्यात वीज उतरली असती. आणि ही ओल्या फरशीवर अनवाणी.

गावातला वायरमन मंगळू आला, त्यानं भिंत उघडून दुरुस्ती केली. दिवस मावळायच्या आत यशश्री टेबलाशी बसली. प्लग लावायला मी दोरीला बोट लावलं नि गाठ अलगद सुटली. निघताना कुसाबाईंनी टॉवेल दाखवला. पिळला की पाणी निघत होतं, मेणाच्या वासाचं.

त्या कामाचा फिटिंगचा वाटा मी गौरांगच्या आईला, श्यामलाबाईंना, नेऊन दिला. त्यांनी विचारलं, "हे कशाचं, शामसुंदर?" मी म्हणालो, "त्यानं काम केलंय." त्यांनी पैसे कपाळाला लावले.

आता तुझं हे नवं टेबल. सकाळी मी नुसती खोकी उघडून मॉनिटर वर ठेवलेत, वायरींना हात लावलेला नाही. जरा वाकून बघ मागं... दिसलं? मेण अजून मऊ आहे. प्लग सोडू नकोस, आधी मला टेस्टर घेऊन येऊ दे. आणि वहीत पहिली ओळ लिही, फिटिंग: गौरांग. त्याच्या वाट्यातला एक पैसाही इकडचा तिकडं करू नकोस, बाळा. हिशेब सरळ ठेव.