कोयत्यातली दोन माणसं

कोपरगावच्या ऊसतोडवाल्यांच्या तळावर तो मला धडकला, तेव्हा माझ्या हातात वजनाची झोळी होती आणि झोळीत बाळ. "सॉरी सिस्टर!" म्हणून त्याने नमस्कार मात्र बाळालाच केला. मला हसू आवरलं नाही.

त्याचं नाव जस्टिन; बेलापूरचा, पुण्यात संख्याशास्त्र शिकलेला. "देश श्रीमंत असला, तरी वरच्या-खालच्यांच्या कमाईतली दरी मोठी असेल तर लोक जास्त आजारी पडतात," तो सांगायचा. "आपल्या जिल्ह्यात तेच आहे का, बघतोय." मी पोरांची वजनं सांगायची, तो लिहायचा... आणि मधेच बघत राहायचा.

"वहीत बघा की!"

"वहीत एवढं छान काही नाही."

मी लाजून झोळीची गाठ उगीचच पुन्हा बांधली. एका दुपारी मात्र त्याने लॅपटॉप पुढे केला. "गंमत बघा. तोडवाल्यांची माणशी कमाई दुकानदारांएवढी निघतेय! तरी पोरं हडकुळी. म्हणजे दरीबिरी नाही, यांना पोरांना नीट खायला घालताच येत नाही."

माझं डोकं सणकलं. पण मी कोणाची लेक, हे दवाखान्यात कुणालाच ठाऊक नव्हतं. सांगितलं, तर उद्यापासून हा माझ्याकडे असाच बघेल...?

"कमाई कशी विचारली?"

"एका कोयत्याला किती मिळतात, अशी."

"कोयता म्हंजी एक मानूस न्हाई!" रागात माझी घरची बोली सुटली. "नवरा-बायको मिळून एक कोयता. बाप ऊस तोडतो, आई मोळ्या वाहती. माझी आई आजबी शेजारच्या उसाच्या फडात हाय. तुमी तिला मानसांत धरलंच न्हाई!"

त्याने लॅपटॉप पुन्हा पुढ्यात ओढला. मग एकेक आकडा निम्मा करत गेला. दरी तिथेच होती, चांगली रुंद.

नगरला आरोग्य खात्याच्या बैठकीत, साहेबांसमोर तो म्हणाला, "चूक माझी होती. पकडली ती रेश्मा सिस्टरांनी." कशी पकडली, हे सांगणं त्याने माझ्यावर सोडलं. मी ताठ उभी राहिले. "मी बन्सी आणि चांगुणाची मुलगी. एका कोयत्याची, दोन माणसांची."

दुसऱ्या दिवशी तो माझ्यासोबत फडात आला.

"कमाई इचारायला आलास व्हय?" आईने विचारलं.

"नाही मावशी... तुमची लेक मागायला."

आईने त्याला वरून खाली न्याहाळलं. "आदी ती मोळी उचल."

त्याने उचलली, चार पावलं गेला आणि मोळीसकट उसाच्या वाळल्या पाचटात बसला. आई पदर तोंडाला लावून हसली, मग फडक्यातली भाकरी सोडली.

"बस, जेव. लई हडकुळा हाय गं ह्यो! ह्याच्या घरी खायाला घालत न्हाईत का?"