एका हिरव्या फांदीसाठी

त्या दिवशी ऑर्विल निघाला तो सोन्यासाठी नाही. त्याला हवी होती एक हिरवी फांदी! मागे घसरगाडीवर त्याचा भागीदार सायलस आडवा पडला होता. हिरड्या जांभळ्या, पाय काळेनिळे, दात हलताहेत. स्कर्व्ही!

कॅनडातल्या बर्फाळ युकॉनमधल्या सोनं खणणाऱ्यांना हा रोग पाठ होता. हिवाळाभर खायला काय, तर बीन्स, खारवलेलं डुक्कर आणि पाव. क जीवनसत्त्वाचं अजून बारसं झालं नव्हतं, पण म्हणून त्याच्यावाचून माणसं मरायची थोडीच थांबली होती? औषध सगळ्यांना ठाऊक होतं: स्प्रूस झाडाच्या सुईसारख्या पानांचा काढा. पण स्प्रूस होते कुठे? गोठलेली जमीन शेकून खणायची म्हणून या दोघांनीच सगळी दरी जाळून बोडकी केली होती!

"एक तरी झाड ठेवू, म्हटलं होतं ना मी?" ऑर्विल धापा टाकत म्हणाला.

"थापाड्या! शेवटचं तूच पाडलंस. आणि हळू ओढ, दात हलतात माझे."

खिंडीत वारा उसळला. गाडी कलली. उलटली! सायलस तोंडावर आपटला.

"माझा दात! शोध लेका!"

"बर्फात दात शोधू? पांढऱ्यात पांढरा?"

पुढे उभा चढ. गाडी जागची हलेना. सायलसच्या उशाला सोन्याची पिशवी होती, चांगली जडशीळ.

"एकच जाईल वर. तू नाहीतर ती," ऑर्विल म्हणाला.

सायलस विचारात पडला. बराच वेळ! शेवटी ऑर्विलनेच पिशवी दरीत भिरकावली. सायलसने असा टाहो फोडला, की इतका तो दुखण्यानेही रडला नव्हता.

खिंडीपलीकडे एकच स्प्रूस उभा होता. हिरवागार! ऑर्विलने पानं ठेचली, गरम पाण्यात भिजवली, उकळू दिली नाहीत. उकळली की गुण जातो. सायलस रोज तो कडूजहर काढा शिव्या देत प्यायला. हिरड्यांतून येणारं रक्त थांबलं. एके सकाळी तो चक्क उभा राहिला.

ऑर्विल खूश होऊन ससा मारायला गेला. परतला तर झाड आडवं! फांद्या पेटलेल्या, आणि सायलस कुऱ्हाड टेकून हसतोय.

"शेकतोय जमीन. इथंही सोनं असेलच की रे!"

ऑर्विलने स्वतःच्या दातांवरून जीभ फिरवली. त्याचाही एक दात हलला.

त्याने आगीतून एक हिरवी फांदी ओढून काढली, विझवली, गाडीवर टाकली आणि दोरी खांद्याला लावली.

"अरे, चाललास कुठं? मी पुन्हा पडलो तर ओढणार कोण?"

ऑर्विलने मागे पाहिलं नाही. गाडी आता हलकी होती.