दुसरी चौकट

शिष्यवृत्तीच्या अर्जांचा शेवटचा दिवस म्हणजे हेल्पलाईनवरच्या बाईंच्या मते झोपलेल्या लोकांना एकदम जाग येण्याचा दिवस. महिनाभर पोर्टल उघडं असतं तेव्हा कुणी ढुंकून बघत नाही. शेवटच्या दिवशी मात्र फोन उचलावा तर पलीकडून रडणं. कुणाला ओटीपी येत नाही, कारण नंबर घरातल्या भलत्याच माणसाचा दिलेला असतो. कुणाची फाईल मोठी होते, कारण गुणपत्रिकेचा फोटो काढताना टेबल, चादर आणि स्वतःचे पायसुद्धा त्यात घेतलेले असतात. कुणी अर्धा अर्ज भरून चहाला जातं आणि परत येऊन बघतं तर पान आपोआप बंद झालेलं. बाईंची उत्तरं ठरलेली होती आणि त्यांत 'माफ करा' हे शब्द नव्हते. ऑफिसात त्यांना पाठीमागे 'फाटक' म्हणत. आडनाव वेगळंच होतं, पण अर्ज त्यांच्यापाशी येऊन अडतात म्हणून हे नाव चिकटलं होतं. बाईंना ते ठाऊक होतं, आणि मनातून आवडतही होतं.

खोली तिसऱ्या मजल्यावर. दोन टेबलं, दोन फोन, आणि नुकताच पांढरा रंग दिलेल्या भिंती. रंगाचा वास अजून गेला नव्हता. खिडकी उघडली की बसचे हॉर्न आणि लावून घेतली की उकाडा, त्यामुळे ती दिवसभर अर्धवट उघडी असे. दुसऱ्या टेबलावर पोर्टलची दुरुस्ती बघणारा तंत्रज्ञ बसे. त्याचं नाव बाईंनीच 'जावई' ठेवलं होतं, कारण तो उशिरा यायचा, चहा आल्याशिवाय हात हलवायचा नाही आणि त्याला बोलायची कुणाची छाती नव्हती.

यंदा अर्जात एक नवीन भानगड आली होती. अर्जदाराचा फोटो मशीन तपासायचं. फोटोत चेहरा दिसला की त्याभोवती चौकट आखायचं. एकच चेहरा असेल तर अर्ज पुढे. दोन असले तर अर्ज बाईंच्या टेबलावर अडायचा. मग मशीनला जो अर्जदार वाटतो त्याच्याभोवती हिरवी चौकट, दुसऱ्याभोवती लाल, आणि बाईंनी फक्त होय म्हणायचं. दुसरा चेहरा बहुतेक वेळा कॅलेंडरवरच्या नटीचा, फ्रेममधल्या आजोबांचा किंवा शर्टावर छापलेल्या खेळाडूचा निघे. हिरवी चौकट कधी चुकत नसे. त्यामुळे बाई आताशा फोटोकडे बघतही नसत. एका हातात फोन, दुसऱ्या हाताचं बोट एन्टरवर. तोंडाने एकाला झापायचं आणि बोटाने दुसऱ्याला पास करायचं, ही त्यांची वर्षानुवर्षांची हातोटी होती.

त्या दिवशी सकाळी बोट मधेच थांबलं ते केवळ फोन हातातून निसटला म्हणून. तो उचलून वर बघतात तर पडद्यावर एक मुलगी, केस चापूनचोपून बसवलेले, चेहरा घाबरलेला. तिच्या चेहऱ्याभोवती लाल चौकट होती. हिरवी चौकट तिच्या मागे, कोऱ्या भिंतीवर.

बाईंनी जावयाला हाक मारली. तो चहाचा कप घेऊनच आला आणि हसला. मशीनला प्लगच्या भोकांतही चेहरा दिसतो, तो म्हणाला, भिंतीला पोपडा आला असेल. बाईंनी फोटो मोठा करून दाखवला. पोपडा नव्हता, डाग नव्हता, सावलीही नव्हती. जावयाने कप खाली ठेवला आणि सकाळपासून पास झालेले अर्ज एकेक करून उघडले. वेगवेगळी घरं होती, वेगवेगळ्या भिंती. पहिल्या फोटोंत हिरवी चौकट लहान होती आणि पार वर, छताजवळ. पुढच्या फोटोंत ती खाली उतरत होती. आता अडलेल्या मुलीच्या फोटोत ती तिच्या खांद्यापर्यंत आली होती आणि तिच्या चेहऱ्याएवढी मोठी झाली होती.

"हे सगळे तुम्ही पास केलेत?" जावयाने विचारलं.

"मशीनने केले. मी एन्टर दाबलं," बाई म्हणाल्या.

अडलेल्या मुलीची लाल चौकट निवडून त्यांनी तिला पास केलं. ती सरळ पुढे गेली. मग मान्य झालेले अर्ज परत घेता येतील का, हे जावई बघत बसला. घेता येत नव्हते. तसा नियम होता आणि तो बाईंनीच भांडून करून घेतला होता, नाहीतर लोक रोज येऊन अर्ज बदलत बसतात म्हणून.

जेवणाच्या सुमाराला एका मुलाचा फोन आला. आवाज दबका होता, जिन्यात उभा राहून बोलत असावा तसा घुमत होता. सकाळी अर्ज मान्य झाला, असं तो म्हणाला. बाई म्हणाल्या, मग पेढे वाटा, मला कशाला फोन करता?

"तो परत घेता येईल का, मॅडम?"

"मान्य झालेला अर्ज परत घेता येत नाही."

"पण घरचे मला आत घेत..."

बाईंनी फोन ठेवला. दुसरी लाईन वाजत होती आणि दारात बारकी उभी होती.

बारकी म्हणजे त्यांच्या धाकट्या बहिणीची मुलगी. बहिणीबहिणींत विस्तव जात नव्हता. भरल्या घरात धाकटी एकदा म्हणाली होती की ताईला दुसऱ्याचं चांगलं बघवत नाही, आणि तेव्हापासून बाईंनी त्या घराचा उंबरा ओलांडला नव्हता. बारकीवर मात्र त्यांचा जीव होता. पोरगी हुशार होती. नर्सिंगच्या कॉलेजात तिला जागा मिळाली होती, पण शिष्यवृत्तीचा अर्ज मान्य झाल्याची पावती संध्याकाळी पाचच्या आत कॉलेजला गेली नाही तर ती जागा पुढच्या मुलीची. वर्ष वाया, आणि पुढच्या वर्षी कुणी शिकवेल याची खात्री नाही. सकाळच्या प्रकारानंतर बाई दोन चेहऱ्यांचे अर्ज नावही न बघता नवा फोटो मागून परत पाठवत होत्या, आणि त्यांत तिचाही तीनदा परत आला होता. कारण तेच: फोटोत दोन चेहरे.

बारकीच्या मागोमाग धाकटीचा फोन आला. इतक्या दिवसांनी पहिल्यांदा. ना हॅलो, ना कशी आहेस. "तुझ्याकडे पाठवलंय तिला," ती म्हणाली. "बघू तरी, पोरगी मोठी की तुझे नियम मोठे." आणि फोन बंद. बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण राग काढायचा कुणावर? समोर बारकी फाईल पोटाशी धरून उभी होती.

बाईंनी तिला पांढऱ्या भिंतीपुढे उभं केलं आणि आपल्याच मोबाईलवर फोटो काढून तो मशीनला दिला. दोन चौकटी आल्या. बारकीच्या चेहऱ्याला लाल, आणि डाव्या खांद्याच्या वर रिकाम्या भिंतीला हिरवी.

मग जावई तिथे उभा राहिला. त्याच्या फोटोत एकच चौकट. बाई उभ्या राहिल्या. एकच. पुन्हा बारकी. दोन. भिंतीवर टेबलावरचं कापड लावलं, दोन. जिन्यात नेलं, खिडकीपाशी नेलं, दोन. आणि प्रत्येक फोटोत हिरवी चौकट बारकीच्या थोडी आणखी जवळ.

"मावशी, माझ्या मागे काय आहे?" बारकीने विचारलं.

"काही नाही. सरळ बघ."

बाईंनी लाल चौकट निवडली. सकाळच्या मुलीची चालली होती तशी हीही चालायला हवी होती. मशीनने बारकीच्या ओळखपत्रावरच्या फोटोशी ताडून पाहिलं आणि लिहिलं: चेहरा जुळत नाही.

ओळखपत्र समोर होतं. बारकी समोर होती. तेच नाक, तीच हनुवटी, भुवईवरची तीच लहानपणची खोक. बाईंनी पुन्हा निवडली. जुळत नाही.

जावयाने हात लांब करून हिरवी निवडली. रिकामी भिंत.

चेहरा जुळतो, असं आलं.

जावई उठला. त्याने आपला कॉम्प्युटर बंद केला आणि डबा पिशवीत टाकला. हे माझं काम नाही, म्हणाला. दारातून मात्र त्याने वळून बघितलं. "बाई, एन्टर दाबू नका."

"मग पोरीच्या वर्षाचं काय करू? तुझ्या घरी ठेवू?"

तो गेला. जिन्यावर त्याची पावलं भराभर वाजली.

पाच वाजायला आले होते. दोन्ही फोन वाजून वाजून थांबले होते. बाई स्वतःलाच समजावत होत्या. अर्ज बारकीचा, नाव बारकीचं, गुण बारकीचे. चौकट कुठे का पडेना. मशीनला काय कळतं? माणूस तर समोर बसलाय. आयुष्यभर लोकांना अडवलं, आता घरच्या पोरीलाही अडवलं तर धाकटी म्हणते ते खरंच ठरेल.

"मावशी, दाबा ना," बारकी म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं.

बाईंनी शेवटचा फोटो पुन्हा पाहिला. हिरवी चौकट आता तिच्या गालाला टेकली होती.

त्यांनी एन्टर दाबलं.

पावती आली. तिच्यावरचा फोटो चांगला होता, बारकीचाच. फक्त त्यात ती हसत होती. बाईंनी काढलेल्या एकाही फोटोत बारकी हसली नव्हती.

त्यांनी ते मनातून झटकलं आणि पावती लगेच कॉलेजला पाठवली. पोच आली. बारकीने सुटकेचा श्वास टाकला आणि टेबलावर डोकं टेकलं. बाईंनी तिच्या केसांवरून हात फिरवला. केस गार लागले, खिडकीतून वारा येत होता म्हणून असेल.

तेवढ्यात मोबाईल वाजला. धाकटी. बाईंनी दात आवळूनच उचलला.

"ताई," धाकटी म्हणाली आणि तिचा आवाज भरून आला. "तोंड आहे म्हणून बोलले गं मी तेव्हा. माफ कर. तू तिचं आयुष्य मार्गी लावलंस."

बाईंनाही भरून आलं. पावती आत्ता तर गेली, हिला इतक्यात कसं कळलं, एवढंच त्यांनी विचारलं.

"कळलं म्हणजे? आली ना ती घरी. आल्या आल्या पावती दाखवली. केवढी खूश आहे. इथेच बसलीय, भूक लागली म्हणाली म्हणून वाढलंय."

धाकटीचं घर बसने तासाभरावर होतं.

टेबलापलीकडे बारकीने मान वर केली आणि हात पुढे केला. "आई आहे ना? द्या ना, मी सांगते तिला."

बाईंनी फोन दिला. नको द्यायला, असं वाटत असतानाच दिला.

"आई, मी बोलतेय," बारकी म्हणाली. "झालं माझं. निघते आता."

पलीकडून धाकटीचा आवाज आला. खोलीत दुसरा आवाजच नव्हता, त्यामुळे बाईंनाही तो स्वच्छ ऐकू आला. आधी परक्याशी बोलावं तसा: "कोण बोलतंय?" आणि मग तोंड बाजूला वळवून, मायेने, दुसऱ्याच कुणाला तरी:

"काही नाही गं, तू खा. मावशीच्या ऑफिसातली कुणीतरी मुलगी आहे."