रिकाम्या खोलीची रेघ

विश्वास ठेवायचा तर ठेवा, नाहीतर सोडून द्या. कोणाला घाबरवायची मला हौस नाही. पण हे घडलंय. माझ्या सख्ख्या मावशीच्या डोळ्यांदेखत घडलंय. आणि ज्याच्या बाबतीत घडलं, तो माझा मामा आजही घरात वावरतोय.

आणि हो, रात्र-बित्र नव्हती. भरदुपार होती. कामाचा दिवस, बाहेर रणरणतं ऊन, कॅन्टीनमध्ये भांड्यांची आदळआपट. अशा वेळी भुताचा विचार कोणाच्या मनात येतो?

मावशी आणि मामा एकाच ठिकाणी नोकरीला. बिनतारी वस्तू तपासायची प्रयोगशाळा. वॉकीटॉकी, वायरलेस माईक, दाराची बेल... जे काही हवेतून सिग्नल पाठवतं, ते बाजारात जाण्याआधी इथे येतं. मावशी मोठी, यंत्रावर बसणारी. मामा धाकटा, पळापळ करणारा. घरी त्याला बाब्या म्हणतात. चाळिशी उलटली तरी बाब्याच. दिवसभर तोंडाचा पट्टा चालू. ताई हे बघ, ताई ते कुठे ठेवलंस. मावशी वैतागायची, पण तो रजेवर असला की तिचं कामात लक्ष लागायचं नाही.

तिथे एक खोली आहे. चारही भिंती, छत, जमीन, सगळीकडे पत्रा. खिडकी नाही. दार तिजोरीसारखं जाड, कडेने तांब्याच्या पट्ट्या. ते लागलं की बाहेरचा एकही सिग्नल आत येत नाही. मोबाईल मुका होतो. एरवी हवेत इतके सिग्नल आणि इतकी खरखर असते, की त्यात एखादा बारीक आवाज सापडणं अशक्य. म्हणून ही खोली. आत वस्तू आणि अँटेना ठेवायची, दार लावायचं, आणि बाहेर बसून पडद्यावरची रेघ बघायची.

पण खरखर पुरती कधीच जात नाही. ज्याला म्हणून थोडीशी ऊब आहे, ते खरखर करतंच. तपासणीचं यंत्र स्वतःही करतं. त्यावर यांची साधी पद्धत होती. सकाळी आल्यावर रिकाम्या खोलीची रेघ घेऊन साठवायची. मग दिवसभर जे मोजू, त्यातून ती वजा करायची. उरेल तो वस्तूचा खरा सिग्नल. आत काहीच नसेल, तर रेघ शून्यावर सरळ.

घोळ इथेच होता. ती सकाळची रेघ कोणी धड बघतच नव्हतं. घेतली, साठवली, वजा केली. तिच्यात एका जागी बारीकसा उंचवटा असायचा. वर्षानुवर्षं, त्याच जागी. यंत्राचाच असेल, म्हणून मावशीने कधी खोलात जाऊन पाहिलं नाही.

त्या खोलीत जे कोणी होतं...

ते रोज सकाळी इमानेइतबारे वजा होत होतं.

त्या दुपारी एका वॉकीटॉकीची तपासणी चालली होती. आकडे काही केल्या जागेवर येईनात. साहेब येऊन झापून गेले. मामा म्हणाला, आतली केबल ढिली असेल, मी घट्ट करतो, तू रेघ बघत राहा. वॉकीटॉकी त्याने बाहेर आणून ठेवली, आत गेला आणि दार स्वतःच ओढून घेतलं. माणूस आत असताना दार लावायचं नाही, असा नियम भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहिलाय. घाईच्या वेळी सगळेच तो धाब्यावर बसवतात.

मावशी पडद्याकडे बघत होती. रेघ थोडी थरथरली. मग...

मग ती शून्याच्या खाली गेली.

एकाच जागी. खड्डा पडला.

मावशी चक्रावली. आत माणूस गेलाय, म्हणजे खोलीत काहीतरी वाढलंय. मग रेघ कमी कशी होईल? खड्ड्याचा अर्थ एकच निघत होता. सकाळी रिकाम्या खोलीत जे होतं, ते आता तिथे नाही.

आणि खड्डा बरोबर त्या उंचवट्याच्या जागी होता.

ती उठून दाराकडे निघाली, तेवढ्यात दार आतून उघडलं. मामा बाहेर आला. दार लावून घेतलं. तिच्या मागे खुर्ची ओढून बसला. केबलचं काय झालं, असं तिने विचारलं, तर नुसती मान हलवली.

बाब्या... आणि गप्प?

साहेबांचं बोलणं मनाला लागलं असेल, अशी मावशीने स्वतःची समजूत घातली. पण खड्डा तिला स्वस्थ बसू देईना. तिने वजाबाकी बंद केली आणि खोलीची कोरी रेघ पडद्यावर घेतली. जुना उंचवटा गेला होता.

पण जरा बाजूला... एक नवीन आला होता.

रेडिओवर स्टेशन लावावं तसं तिने त्या जागेवर यंत्र लावलं आणि स्पीकर चालू केला.

खर्रर्र...

खर्रर्र...

आणि खरखरीच्या तळाशी, अगदी बारीक...

"ताई, केबल घट्ट केली. बघ आता."

मावशीने मागे वळून पाहिलं. मामा खुर्चीतच होता. ओठ मिटलेले. तिच्याकडेच बघत होता.

"ताई, दार उघड ना. मला दार सापडत नाहीये."

ती धावली. दार उघडलं. आत टेबल, अँटेना, केबल. बाकी कोणी नाही. आणि दार उघडताच स्पीकरमधून साऱ्या जगाची खरखर धो धो कोसळू लागली. तो आवाज त्या खरखरीत बुडून गेला. दार लावलं, की पुन्हा तोच. ताई, कुठे गेलीस?

तिच्या जिवाची काय दशा झाली असेल, विचार करा. दार बंद असेल तरच तो ऐकू येणार. आणि दार बंद, म्हणजे तो आत कोंडलेला. उघडं ठेवलं, तर तो बाहेर आला की नाही हे कळायला मार्ग नाही.

तिने ती वॉकीटॉकी आत ठेवली, दार लावलं आणि दुसरा सेट आत जाणाऱ्या एका मोकळ्या केबलला जोडून त्यावरून बोलायला लागली. बाब्या, घाबरू नकोस. भिंतीला हात लाव आणि चाचपडत ये.

बराच वेळ नुसती खरखर.

"भिंतच नाहीये गं, ताई."

मागे खुर्ची सरकली.

"कोणाशी बोलतेस?" मामा म्हणाला. "मी इथेच आहे."

आवाज त्याचाच होता. पण मायेचा लवलेश नव्हता त्यात. त्याने तिच्या हातातला सेट काढून घेतला. तिला खांद्याने बाजूला सारलं आणि यंत्रासमोर बसला. जन्मात कधी त्या यंत्राला हात न लावलेला माणूस. त्याने स्पीकर बंद केला. समोरची रेघ साठवली. वजा केली.

रेघ शून्यावर आली. सरळ, स्वच्छ.

"बघ," तो म्हणाला. "खोली रिकामी आहे."

मावशीने साहेबांना सांगितलं, तर त्यांनी तिला रजा घ्यायला लावली. मामी तर खूश आहे. म्हणते, माणूस सुधारला. बडबड नाही, चिडचिड नाही, पानात पडेल ते खातो. ताई हा शब्द मात्र त्याच्या तोंडून पुन्हा कोणी ऐकलेला नाही. मी एकदा त्या दुपारचा विषय काढला होता. त्याने माझ्याकडे असं पाहिलं, की मी विषयच बदलला.

मावशी रोज त्याच्या आधी कामावर पोचते. दार लावते, वजाबाकी काढते आणि आतल्या आवाजाशी बोलते. खरखर आहे तेवढीच आहे. तो आवाज मात्र रोज थोडा खाली जातोय. एक दिवस खरखरीच्या खाली जाईल. मग तो आत असला काय आणि नसला काय, जगातलं कुठलंही यंत्र सांगू शकणार नाही. ही गोष्ट मला सांगताना मावशी हमसून हमसून रडली.

या महिनाअखेरीस ती निवृत्त होतेय.

गेल्या रविवारी मामा आमच्या घरी आला. स्वतःहून. माझ्या नोकरीचं त्याने साहेबांशी बोलून ठेवलंय म्हणे.

"यंत्रावर मी बसेन," तो म्हणाला. "तू फक्त आत जाऊन केबल बघायचीस."

आई आनंदाने त्याच्यासाठी चहा टाकायला गेली. मावशीला फोन केला, तर ती म्हणाली, मेलीस तरी... नाही, पुढचं तिला बोलवेना. नुसतं, जाऊ नकोस, जाऊ नकोस, एवढंच. मी विचारलं, मग पुढच्या महिन्यापासून आतल्या मामाशी बोलणार कोण?

पलीकडे कितीतरी वेळ नुसती खरखर येत राहिली. तिने फोन ठेवला नव्हता.

मामाला उत्तर सोमवारी द्यायचंय.