चेरोनो कोणत्या नावाला शिंकली

दुपारची भांडी घासून झाल्यावर एस्ता शेजारच्या ताबसाबेईकडे चिमूटभर तपकीर मागायला गेली. पाठीवर कापडात तिची चेरोनो बांधलेली होती आणि त्या पोरीचं नाक नेहमीसारखं आईच्या मानेवर पुसलं जात होतं.

"तपकीर? तुला?" ताबसाबेई दारातच हसली. "नवरा नाकुरूला ट्रक चालवतोय म्हणून बायकोनं इकडे ही थेरं सुरू केली की काय?"

"माझ्यासाठी नाही गं. सासूबाईंना हवीय."

"कोगोनं तर सोडली होती ना?"

"सोडली होती," एस्ता म्हणाली आणि तिनं हात पुढे केला.

ताबसाबेईनं केळीच्या पानाच्या तुकड्यात पुडी बांधून दिली. तेवढ्यात पाठीवरून खोकला आला. आधी तीन बारके ठसके, मग श्वासभर शांतता, मग विहिरीच्या तळातून यावा तसा एक खोल ठसका आणि त्याच्या शेवटी बारीक शीळ.

"अगदी किप्टूसारखी खोकते गं..." ताबसाबेई बोलून गेली आणि तिनं जीभ चावली.

तसं पाहिलं तर खोकल्याचं कुणाला कौतुक? बोमेटच्या वरच्या अंगाला, जिथे रोज दुपारी चहाच्या मळ्यांवर पाऊस उतरतो, तिथे जुलैत ज्या घरात शेंबडं पोर नाही त्या घरात पोरच नाही असं खुशाल समजावं. दवाखान्यातली सिस्टर हेच सांगायची. "वर्षातून आठ-दहा वेळा सर्दी होणारच, घाबरू नकोस. शेगडी घराबाहेर ने. आणि पोर शांत असताना श्वास मोजत जा. मिनिटाला चाळीसच्या घरात गेला, नाहीतर बरगड्या आत ओढल्या जायला लागल्या, तर वाट बघत बसू नकोस, सरळ इकडे ये." एस्तानं शेगडी बाहेर नेली होती. श्वास तर ती दिवसातून दहादा मोजायची. पण तिची भीती सिस्टरला सांगण्याजोगी नव्हती.

किप्टू हा तिचा पहिला मुलगा. असाच सारखा सर्दीनं भरलेला, असाच खोकणारा. चार वर्षांपूर्वी अठरावा महिना संपायच्या आत तो गेला. चेरोनोला अठरा महिने पूर्ण व्हायला आता पाच दिवस उरले होते.

आणि त्या खोकल्याचं कारण एस्ताला ठाऊक होतं. त्या भागात बाळ जन्मलं की घरातल्या म्हाताऱ्या बायका पूर्वजांची नावं एकेक करून पुकारतात. ज्या नावाला बाळ शिंकेल तो पूर्वज त्याच्यासोबत आला, त्यानं त्याला सांभाळायचं. चेरोनोच्या वेळी एस्ताच्या सासूनं, जिला सगळे कोगो म्हणजे आजी म्हणत, नावं पुकारली होती. बाळाला जन्मतःच सर्दी झालेली. तापन्योले या पणजीच्या नावाला ते शिंकलं आणि सगळ्यांनी आनंदानं आरोळी ठोकली, कारण तापन्योले नव्वद वर्षं जगली होती.

पण नेमक्या त्याच क्षणी एस्तानं ओठातल्या ओठात दुसरंच नाव घेतलं होतं. घेऊ नये असं नाव. तिला राहवलंच नाही.

हे तिनं आज सकाळी सासूला सांगून टाकलं.

"काय करून बसलीस हे, पोरी! ज्याचे दुधाचे दातही पडले नाहीत त्याला कुणी हाक मारतं का? म्हातारी माणसं येतात ती राखण करायला येतात. लेकरू येतं ते आईसाठी. त्याला काय कळतं, दुसऱ्याची जागा अडवतोय म्हणून?"

"मग आता काय करायचं, आई?"

"पुन्हा पुकारायचं. तपकीर घेऊन ये."

एस्ता पुडी घेऊन परतली तेव्हा पत्र्यावर पाऊस वाजायला लागला होता. भर दुपारी खोलीत दिवेलागणीसारखा अंधार झाला होता. कोगोनं चेरोनोला मांडीवर घेतलं. एस्ताला थंडी वाजत होती म्हणून तिनं ते रिकामं कापड तसंच खांद्यावरून घेऊन छातीशी गाठ मारली. मागे ते सैल लोंबत होतं.

कोगोनं तपकिरीची चिमूट पोरीच्या नाकाजवळ धरली आणि पुकारायला सुरुवात केली. "तापन्योले! तू आहेस का? ये, तापन्योले!"

चेरोनो टकमक बघत राहिली. आठ दिवस जिचं नाक क्षणभर कोरडं नव्हतं ती पोर शिंकेना. कोगोनं तीनदा तेच नाव घेतलं. मग दुसऱ्या पणजीचं, मग सासऱ्यांच्या बहिणीचं, मग माहेरकडच्या सगळ्यांची. तपकिरीचा वास खोलीभर झाला. एस्ताच्या स्वतःच्या नाकात हुळहुळायला लागलं, पण पोर ढिम्म.

पाऊस एकदम थांबला. पत्रा गप्प झाला तेव्हा कोगोचा आवाज फारच मोठा वाटायला लागला. तिनं तो खाली आणला.

"आता तू. तू बोलावलंस, तूच पाठव. नाव घे आणि जा म्हण."

"आई..."

"पाच दिवस राहिलेत, एस्ता. कोणतं लेकरू हवंय तुला?"

एस्तानं चेरोनोकडे पाहिलं. पोरीनं तिच्याकडे दोन्ही हात पसरले. एस्ताचं काळीज तिच्यासाठी तुटत होतं, यात खोटं काही नव्हतं.

"किप्टू..." ती म्हणाली.

शिंक आली.

कोगोच्या मांडीवरून नाही. शिंक एस्ताच्या मानेमागून आली, अगदी कानापाशी. मानेवर काहीतरी कोमट, ओलं उडालं. पाठीवरचं सैल कापड हळूहळू ताणलं गेलं आणि छातीवरची गाठ वर सरकून गळ्याशी आली.

कोगो एस्ताच्या समोर बसली होती. ती एस्ताच्या खांद्यापलीकडे बघत होती. तिनं चेरोनोचं तोंड आपल्या छातीत दाबून धरलं.

"जा म्हण," ती कुजबुजली. "एस्ता... मागे वळू नकोस. नुसतं जा म्हण..."

एस्ताचे ओठ हलले. इवलंसं नाक तिच्या मानेवर डावीकडून उजवीकडे पुसलं गेलं. किप्टू तसंच पुसायचा. एस्तानं डोळे मिटून घेतले आणि ती गप्प बसून राहिली.

त्या दिवसापासून चेरोनोचा खोकला गेला. पाच दिवस उलटले, अठरा महिने पूर्ण झाले, पोर अंगणात कोंबड्यांच्या मागे धावायला लागली. ताबसाबेई म्हणाली, "कोगोच्या तपकिरीत जादू आहे!" कोगो हसली नाही. ती आता एस्ताच्या मागे कधी बसायची नाही.

"पोरीला पाठीवर का घेत नाहीस?" एकदा तिनं विचारलं.

"पाठ दुखते, आई."

"कापड तर रोज बांधतेस."

एस्ता धुणं वाळत घालायला वळली. दोरीवर वाळत घातलेल्या तिच्या प्रत्येक झग्याला मानेखाली, डाव्या बाजूला, शेंबडाचा डाग होता. कोगो तो बघायची आणि तोंड फिरवायची.

महिनाअखेर एस्ता चेरोनोला अठराव्या महिन्याच्या लशीसाठी दवाखान्यात घेऊन गेली. सिस्टरनं वजन केलं, पोरीला आईच्या मांडीवर बसवलं, झगा वर करून छातीकडे बघत घड्याळ लावलं.

"अठ्ठावीस. छान! छाती अगदी मोकळी आहे. बघ, मी म्हटलं नव्हतं?" सिस्टर कार्डावर लिहायला वळली आणि लिहिता लिहिता थांबली. तीन बारके ठसके. शांतता. मग तो खोल ठसका आणि शीळ.

"पाठीवरच्याचा श्वास फार जोरात चाललाय," ती मान वर न करता म्हणाली. "खाली घे त्याला. त्याचाही मोजते."

एस्तानं छातीवरची गाठ मुठीत घट्ट धरली. सिस्टरनं वर पाहिलं, कापडाकडे पाहिलं, एस्ताच्या तोंडाकडे पाहिलं. तिच्या हातातलं पेन कार्डावर टेकलेलं तसंच राहिलं.

"कधीपासून खोकतोय?" तिनं अगदी हळू विचारलं.

एस्तानं चेरोनोला उचललं आणि ती निघाली.

बाहेर पाऊस लागला होता. चहाच्या मळ्यांमधली वाट उतरताना लोकांनी तिला पाहिलं. एका हातानं तिनं चेरोनोला पोटाशी धरलं होतं, दुसऱ्या हातात छत्री होती आणि ती तिनं मागे कलती धरली होती. पाठ कोरडी होती. चेरोनोच्या उघड्या डोक्यावर पाणी पडत होतं.

अर्ध्या वाटेवर चेरोनो शिंकली. एस्ताला ते ऐकू आलं नाही. ती ओठातल्या ओठात किप्टूला हाक मारत होती.