आरशातला डोंगर

"फोटो वाईट नाही," प्रमोदिनी म्हणाली, "पण हा डोंगर नवरदेवासारखा उभा आहे. अगदी मधोमध... जसं काही अक्षता पडायचीच वाट बघतोय."

समोरचा तरुण गोंधळला. सांगलीच्या पेठेतल्या त्या छोट्या स्टुडिओत तो नुसता आपले फोटो न्यायला आला होता. पाकीट घ्यायचं आणि दुपारच्या गाडीनं कुंडलला परतायचं, एवढाच त्याचा बेत. स्टुडिओचे मालक अण्णा मिरजेला एका मुंजीचे फोटो काढायला गेले होते, आणि त्यांच्या जागी बसली होती त्यांची ही मुलगी. निगेटिव्हवरचे डाग काढणारी, बोटांना औषधाचा वास येणारी... आणि न विचारता मत देणारी.

"मग कुठं उभा करायचा डोंगर?" त्यानं विचारलं.

"डोंगर नाही हो, तुम्ही सरकायचं. चार पावलं डावीकडं. म्हणजे ही पायवाट फोटोत येईल आणि बघणाऱ्याची नजर तिच्यावरून चालत वर जाईल."

तो बराच वेळ फोटोकडं बघत राहिला. मग तिच्याकडं. तिनं घाईनं पाकीट बांधायला घेतलं, आणि दोऱ्याची गाठ दोनदा चुकली.

त्याची गाडी त्या दिवशी चुकली.

त्याचं नाव गोपाळकृष्ण. कुंडलच्या शाळेत मास्तर होता. शाळा सुटली की जुना पेटी-कॅमेरा खांद्याला लावून माळावर, ओढ्याकाठी हिंडायचा. ते त्रेचाळीस साल होतं. लढाईमुळे फिल्म मिळणं मुश्कील झालं होतं, म्हणून तो एकेक फोटो जपून काढायचा आणि महिन्यातून एकदा सांगलीला घेऊन यायचा. धुक्यातली बाभूळ, उसाच्या तुऱ्यांवरचं ऊन, औंधच्या यमाईच्या डोंगरावरून दिसणारी शेतं... प्रमोदिनी प्रत्येक फोटो खिडकीच्या उजेडात धरायची आणि बोलायची.

"आभाळ फार झालंय. जमिनीला जागाच ठेवली नाहीत."

"आभाळ चांगलं होतं त्या दिवशी."

"चांगलं होतं ते तुम्हाला. फोटोत नुसता पांढरा कागद उरलाय." मग त्याचा उतरलेला चेहरा बघून ती हळूच म्हणायची, "बाभळीची सावली मात्र... मला पुन्हा पुन्हा बघावीशी वाटली."

अण्णा आतून खाकरायचे. मास्तर चष्मा पुसायचे.

एकदा तिनंही धीर करून स्वतः काढलेला फोटो पुढं केला. कृष्णेचा घाट, पहाटेचा. तो काय म्हणेल या भीतीनं तिनं नजर काउंटरच्या लाकडावर खिळवली होती.

"उजेड सुरेख पकडलाय," तो म्हणाला. "पण... सांगू?"

"सांगा की."

"फार लांबून काढलाय. कुणी बघेल म्हणून लाजून काढल्यासारखा. पुढच्या खेपेला पाण्याजवळ जा."

तिला राग आला, कारण ते खरं होतं. उघड्यावर कॅमेरा घेऊन उभ्या राहिलेल्या मुलीकडं सगळा घाट बघत होता. पण हे त्यानं नुसत्या फोटोवरून ओळखलं, याचं तिला रात्रभर नवल वाटत राहिलं.

पौषातली गोष्ट. अण्णांना मास्तरांचा एक फोटो फार आवडला. पहाटेच्या धुक्यातला डोंगर, उजव्या अंगाला तुटलेला कडा, डावीकडं एकटं झाड. साताऱ्याला भरणाऱ्या प्रदर्शनात पाठवायचा म्हणून त्यांनी तो मोठा करून चौकटीत बसवला. मास्तर आले तेव्हा प्रमोदिनीनं ती चौकट मोठ्या कौतुकानं त्यांच्यापुढं धरली.

"या वेळी एकही चूक नाही," ती म्हणाली. "आणि हे बघा. लहान प्रतीत दिसलंच नव्हतं मला. कड्याच्या खालून धुराची बारीक रेघ निघालीय. सगळा फोटो त्या एका रेघेवर तोललाय. गुऱ्हाळ आहे का तिथं?"

गोपाळकृष्णाचा चेहरा पांढरा पडला.

"तितं गुऱ्हाळ न्हाई," तो म्हणाला. इतक्या दिवसांत तो तिच्याशी गावच्या बोलीत पहिल्यांदाच बोलला होता. "तितं कायबी न्हाई. नुसती घळ हाय."

"मग धूर कुणाचा?"

त्यानं दाराकडं बघितलं. मग अगदी हळू आवाजात सांगितलं... बेचाळीसपासून त्याचा थोरला भाऊ नाथाजी भूमिगत होता. त्याच्यावर वॉरंट होतं. कधी या डोंगरात, कधी त्या गावात. कुठं आहे हे घरच्यांनाही ठाऊक नसायचं. पण लहानपणी दोघं भाऊ गुरं घेऊन त्याच घळीत बसायचे.

"मी धुकं बघत होतो," तो म्हणाला. "धूर दिसलाच नाही मला... प्रमोदिनी, हे आत ठेवा. आत्ताच्या आत्ता."

त्यानं तिला पहिल्यांदाच नावानं हाक मारली होती, आणि त्याचा आनंद व्हायलाही सवड नव्हती. बाहेर बुटांचा आवाज आला. साताऱ्याकडून आलेले एक फौजदार दारात उभे होते. सोबत शिपाई होता.

"फोटो काढायचाय," फौजदार म्हणाले आणि सरळ भिंतीवरच्या आरशापुढं जाऊन मिशा नीट करू लागले.

प्रमोदिनी चौकट छातीशी धरून त्यांच्या पाठीमागून आत निघाली. चौकटीची दर्शनी बाजू बाहेर होती, हे तिच्या ध्यानात आलं तेव्हा उशीर झाला होता.

"थांबा."

ती जागच्या जागी थांबली. फौजदार वळले नव्हते. ते आरशातूनच बघत होते.

"कुठला डोंगर हा?"

"खंडाळ्याचा, साहेब."

"घाटातलं खंडाळा?"

"नाही. साताऱ्याकडचं... खंबाटकीपलीकडचं. मावशी असते तिथं माझी."

"आणि फोटो कुणी काढला?"

काउंटरपाशी गोपाळकृष्णानं एक पाऊल पुढं टाकलं. त्याचे ओठ हलले. तो बोलायच्या आत ती बोलून गेली, "मी काढला. माझाच आहे."

आरशातले डोळे तिच्यावर स्थिरावले. तिला वाटलं, आपल्या छातीची धडधड चौकटीच्या काचेतून दिसत असेल.

"खंडाळ्याला तीन वर्षं काढलीत मी," फौजदार म्हणाले. "असा कडा बघितल्याचं आठवत नाही. धूर मात्र छान निघालाय."

तेवढ्यात आतून अण्णांनी हाक दिली, "साहेब, उजेड चाललाय. या, बसून घ्या." फौजदार वळायच्या आत प्रमोदिनीनं चौकटीची दर्शनी बाजू छातीकडं फिरवली. ते आत जाता जाता म्हणाले, "उद्या सकाळी माझे फोटो न्यायला येतो. कुंडलच्या बाजूचा एक माणूस आणतो बरोबर. तुमचा हा डोंगर त्याला दाखवायचाय."

फोटो काढून घेऊन फौजदार शिपायासह निघून गेल्यावर गोपाळकृष्ण तिच्याजवळ आला. "तुम्ही असं का केलंत?"

"तुम्ही बोलला असतात तर तुम्हाला इथूनच नेलं असतं."

"आणि आता तुम्हाला नेतील."

"तुम्ही आधी गावी जा," ती म्हणाली. "भावाला तिथून हलवा. इथलं मी बघते."

"काय बघणार?"

तिला ठाऊक नव्हतं. त्यानं तिच्या हातावर हात ठेवला, क्षणभरच. दोघांचेही हात बर्फासारखे गार होते. मग तो मागच्या बोळानं निघून गेला.

संध्याकाळपर्यंत ती चौकटीपुढं बसून राहिली. फोटो नाहीसा केला तर संशय येणार. धूर खोडला तरी येणार, फौजदारांनी तो नीट बघितला होता. बघितला होता... आरशात. ती ताडकन उठली. आरशात कडा डावीकडं गेला होता आणि झाड उजवीकडं. फौजदारांच्या डोळ्यांपुढं असणार तो उलटा डोंगर. खरा डोंगर त्यांनी बघितलाच नव्हता.

डार्करूममध्ये अण्णा होते. तिनं निगेटिव्ह फोटो मोठा करायच्या यंत्रात घातली.

लाल दिव्यात अण्णांनी वाकून बघितलं. "उलटी लागलीय, पमे."

"असू दे, अण्णा."

मोठ्या कागदाचा शेवटचा ताव उरला होता. तो अण्णांनी प्रदर्शनासाठी जपून ठेवला होता. त्यांनी तो काढून तिच्यापुढं ठेवला.

"सरक," ते म्हणाले. "मी करतो."

उलटी प्रत चौकटीत गेली. पहिली मोठी प्रत, लहान प्रत आणि ती निगेटिव्ह अण्णांनी बंबात घातली, आणि जळून होईस्तोवर दोघं तिथंच उभे राहिले.

सकाळी फौजदारांबरोबर मुंडासं बांधलेला एक माणूस आला. ज्ञानू नाव त्याचं. त्यानं चौकट दोन्ही हातांत धरली, लांब केली, जवळ घेतली. प्रमोदिनी पदराचं टोक बोटाला गुंडाळत उभी होती. बोट निळं पडलं तरी तिला कळलं नाही.

"बोल की," फौजदार म्हणाले. "काल बघितला तोच आहे. कडा, झाड, सगळं तेच."

"वाटतंय वळखीचं," ज्ञानू म्हणाला.

ज्ञानूनं चौकट पुन्हा लांब धरली.

"पर न्हाई, सायब. आमच्याकडल्या डोंगराचा कडा उगवतीला हाय. ह्यो मावळतीला तुटलाय. झाडबी हितं न्हाई. आमच्यातला न्हाई ह्यो."

फौजदार तिच्याकडं बघत राहिले. मग म्हणाले, "फोटो बरा काढता बाई. पण एकट्यादुकट्या डोंगरात हिंडू नका. दिवस वाईट आहेत." आणि आपलं पाकीट घेऊन निघून गेले.

अण्णांनी दार लोटून घेतलं. प्रमोदिनीनं बोटाचा पदर सोडवला.

त्यानंतर गोपाळकृष्णाची काही खबर आली नाही. माघ सरला. कुंडलकडून आलेल्या माणसांच्या तोंडी रोज नवं ऐकू यायचं... अमक्या गावाला वेढा पडला, तमक्याला धरून नेलं. ती नाव ऐकायच्या आधीच कान मिटून घ्यायची, आणि मग अण्णांना विचारायची, काय म्हणाले ते? दाराशी बुटांचा आवाज आला की डाग खरवडायची तिची सुरी निगेटिव्हवर ओरखडा काढायची. अण्णांनी तिला काही दिवस ते काम दिलंच नाही.

शिमग्याच्या आदल्या दिवशी तो आला. वाळला होता. खांद्याला कॅमेरा नव्हता.

"हलवलं," तो एवढंच म्हणाला. "मी पोचलो तेव्हा दादा चुलीवर भाकरी भाजत होते. धूर करू नका म्हणून किती सांगायचं त्यांना..." त्याला हसू आलं आणि डोळ्यांत पाणीही. "नंतर शाळेवर दोन शिपाई नजर ठेवून होते. म्हणून येता आलं नाही. इकडं पोलीस माझ्या मागोमाग यावेत, हे नको होतं."

"कॅमेरा कुठं आहे?"

"पुरलाय परसात. आता डोंगराकडं बघायचीही भीती वाटते."

तो काउंटरच्या कडेवरून बोट फिरवत राहिला.

"एक मत हवं होतं," तो म्हणाला. "नेहमीसारखं... स्पष्ट."

"कशाबद्दल?"

"माझ्याबद्दल. अण्णांना विचारायच्या आधी तुम्हाला विचारतोय. घरात वॉरंट आहे. दादा येईपर्यंत आई लग्नाचं नाव काढू देणार नाही. ते कधी येतील... येतील की नाही, तेही ठाऊक नाही. अशा माणसाबद्दल काय वाटतं तुम्हाला?"

"भीती वाटते," प्रमोदिनी म्हणाली.

त्यानं मान खाली घातली.

"तुम्ही जाता तेव्हा वाटते," ती म्हणाली. "समोर असलात की कमी वाटते. बाकी दोष सवडीनं सांगेन... जन्म आहे."

आत अण्णा खाकरले. पण या वेळी बाहेर आले नाहीत.

सेहेचाळीसच्या उन्हाळ्यात वॉरंटं उठली आणि नाथाजी उघड्या रस्त्यानं, भर दुपारी कुंडलात आला. त्याच वैशाखात लग्न लागलं. मांडवातच अण्णांनी कॅमेऱ्याचं तिकाटणं उभं केलं, सगळ्यांना ओळीनं बसवलं आणि काळ्या कापडाखाली शिरले.

"हलू नका. इकडं बघा."

झाकण निघणार तोच नाथाजीनं पटकन फेट्याचा शेव ओढून तोंड झाकलं. त्याला स्वतःलाच ओशाळल्यासारखं झालं.

"सव लागलीया," तो पुटपुटला. "चार वर्सं तोंड कुणाला दावलं न्हाई."

नवी नवरी जागेवरून उठली. भर मांडवात, सासरच्या माणसांदेखत ती थोरल्या दिरापुढं गेली आणि तो शेव तिनं हलकेच खाली केला.

"आता चालेल, भावजी," ती म्हणाली. "बघू द्या सगळ्यांना."